बाळंतिणीच्या खोलीत बापाचं काय काम?

पत्र: 'मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे, राहायला कळंब्यात. बायकोचं सिझर होऊन नऊ दिवस झाले, मुलगा आहे. जन्मताना वजन २ किलो ९०० ग्रॅम होतं, सातव्या दिवशी दवाखान्यात २ किलो ७४० भरलं. आई म्हणते हिला दूधच नाही, पोरगं उपाशी राहतंय. परवापासून रात्री दोनदा डब्याचं दूध बाटलीनं देतात आणि ते पिऊन तो गपगार झोपतो. बायकोला उजव्या बाजूला चीर पडलीय, पाजताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी खोलीत गेलो की "पुरुषांचं काय काम इथं" म्हणून बाहेर काढतात. बाराव्या दिवशी बारसं आहे, ऐंशी माणसांना सांगितलंय. मी नेमकं काय करू?' – एक बाप, कळंबा

आधी वजनाचं बघू. २९०० वरून २७४० म्हणजे १६० ग्रॅम कमी, साधारण साडेपाच टक्के. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत उतरतंच. दहा टक्क्यांकडे गेलं तर काळजी करायची. तुमचा मुलगा त्या हद्दीच्या आत आहे. मात्र आता त्याचं वजन चढायला हवं, रोज २० ते ३० ग्रॅम, म्हणजे चौदाव्या दिवशी तो पुन्हा २९०० च्या आसपास यायला हवा. पण चौदाव्या दिवसाची वाट बघत बसू नका. उद्याच त्याच दवाखान्यात, त्याच काट्यावर, अंगावर काहीही न ठेवता वजन करा आणि बाळाच्या डॉक्टरांनाही दाखवून घ्या. घरी आशाताई येत असतील तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची फेरी ठरलेली असते. त्यांच्याकडे काटा असतो. पण दोन वेगवेगळ्या काट्यांवरची वजनं एकमेकांशी ताडून बघू नका. ५० ग्रॅमचा फरक नुसत्या काट्याचाही असू शकतो.

तुमच्या पत्रात सगळं आहे, पण पोरगा दिवसातून किती वेळा शू करतो तेच नाही. दूध पुरतंय की नाही हे सांगणारी घरातली सगळ्यात खरी गोष्ट तीच. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान सहा वेळा भरपूर, फिक्या रंगाची शू आणि तीन-चार वेळा पिवळी, दाणेदार, पातळसर शी झाली, तर बाळाच्या पोटात दूध जातंय. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळच असते, ते जुलाब नव्हेत. आजपासून दारामागच्या कॅलेंडरवर पेन बांधून ठेवा आणि शू झाली की एक रेघ, शी झाली की एक फुली काढा. हे काम तुमचं. दोन दिवस डायपर बाजूला ठेवून लंगोट वापरा म्हणजे मोजता येईल. डायपरच वापरायचा असेल तर कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात घेऊन बघा. 'ओला' म्हणजे तेवढा जड. डब्याचं दूध पोटात जातंय तोवर या रेघांत त्याचाही वाटा आहे, म्हणून डबा कधी दिला तेही तिथंच लिहा.

आता दुधाचं. तुम्ही कोल्हापूरकर, गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस पिळताना पाहिलीच असेल. रेडकू लागतं, सड ओलावतात, मग पान्हा सुटतो. धार काढणारा हात बदलला, कुत्रं अंगावर आलं, कुणी दांडगाई केली की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण बाहेर येत नाही. (बायकोची तुलना म्हशीशी केली म्हणून रागावू नका. पान्हा आणणारं ऑक्सिटोसिन दोघींत एकच आहे.) बाळ ओढतं तेव्हा मेंदूकडून दोन निरोप सुटतात. प्रोलॅक्टिन पुढचं दूध बनवतं आणि ऑक्सिटोसिन बनलेलं दूध पुढं ढकलतं. दुखणं, भीती, अपमान, चारचौघांत उघडं बसायची लाज यांनी दुसरा निरोप अडतो. 'हिला दूधच नाही' हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडलं की नेमकं तेच होतं. तिसरी गोष्ट म्हणजे, स्तन जितका रिकामा होतो तितकं नवीन दूध वेगानं बनतं. भरून राहिला की शरीर उत्पादन कमी करतं. रात्री दोनदा डबा म्हणजे दोन वेळा स्तन भरलेलाच राहिला, तोही रात्री, जेव्हा प्रोलॅक्टिन सगळ्यात जास्त असतं. आठवडाभर असंच चाललं तर आईंचं म्हणणं खरं ठरेल, पण डब्यामुळे.

'डबा पिऊन गपगार झोपतो म्हणजे उपाशीच होता' हा हिशेब चुकीचा आहे. डब्याचं दूध पचायला जड, आणि बाटलीतून ते आपोआप तोंडात येत राहतं, बाळाला नको असतानाही. उलट संध्याकाळी पाच ते अकरा या वेळात पोरगा दर अर्ध्या तासाला तोंड मारतोय, हे या वयात अगदी सर्रास दिसतं. २४ तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हाच नेम आहे, आणि त्या वेळा घड्याळाप्रमाणे सारख्या अंतरानं येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा आठवड्यांच्या सुमाराला तो अचानक जास्त मागेल, तेव्हाही घरात हाच गलका होईल. छाती मऊ लागते म्हणजे दूध आटलं असंही नाही.

खरी अडचण आमच्या मते उजव्या बाजूच्या चिरेत आहे. चीर पडते ती बाळानं नुसतं बोंड तोंडात धरल्यामुळे. भोवतालचा काळसर भाग आत गेला नाही की बोंड बाळाच्या टाळूवर घासत राहतं, आईला कळ येते आणि दूधही नीट उतरत नाही. इथं तुम्ही लागता, कारण पाजणाऱ्या आईला बाळाचा खालचा ओठ दिसत नाही. समोर जमिनीवर बसलेल्या माणसाला दिसतो.

सिझरच्या टाक्यांवर भार नको म्हणून बगलेत धरून पाजायची पद्धत बरी. तिला पलंगाच्या कडेला बसवा. पाठीला दोन उशा, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट. उजव्या बाजूला कंबरेलगत एक घट्ट उशी आणि वर दुपट्याची घडी, इतकी उंच की बाळ स्तनाच्या पातळीला यावं आणि तिला खांदा उचलावा लागू नये. बाळाचे पाय तिच्या बगलेखालून मागे, तोंड पुढे. त्याची मान आणि खांदे तिच्या उजव्या पंजावर. डोक्याच्या मागचा भाग कुणीही दाबायचा नाही. दाबलं की बाळ उलट मागे रेटतं आणि घरातले म्हणतात, 'याला आवडतच नाही.' कान, खांदा, कंबर एका रेषेत हवी, मान वळलेली नको. बोंडासमोर बाळाचं तोंड नाही, नाक यायला हवं. मग बोंड त्याच्या वरच्या ओठाला हलकेच लावायचं आणि थांबायचं. जांभई दिल्यासारखा मोठा आ झाला की त्या क्षणी बाळाला छातीकडे आणायचं. आईनं बाळाकडे वाकायचं नाही. वाकली की टाके ओढतात, पाठ धरते, आणि बाळाच्या तोंडात पुन्हा नुसतं बोंडच जातं.

आता खाली बसून बघा. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, गाल फुगलेले, काळसर भाग वरच्या ओठाच्या वर जास्त आणि खाली कमी दिसणारा. पहिले काही झटपट चोखे, मग संथ लय, दोन-तीन चोख्यांमागे एक घोट. तो ऐकू येतो, खोलीत टीव्ही नसेल तर. गालांना खळ्या पडत असतील, 'चट् चट्' आवाज येत असेल किंवा पहिल्या अर्ध्या मिनिटानंतरही तिला दुखतच असेल, तर पकड चुकली आहे. सोसत बसायचं नाही. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून चोख सोडवायचा आणि पुन्हा लावायचं. पाचदा लावावं लागलं तरी चालेल. पाजून झाल्यावर बोंड गोल दिसतंय की नव्या लिपस्टिकसारखं एका बाजूनं चपटं झालंय, हे तिला विचारा. चपटं म्हणजे पकड अजून जमलेली नाही.

पाजताना आधी कमी दुखणारी डावी बाजू, पान्हा सुटला की उजवी. पिऊन झाल्यावर दुधाचेच दोन थेंब चिरेवर लावून वाऱ्यावर वाळू द्या. साबण, हळद, तेल नको. पकड सुधारली की चीर दोन-तीन दिवसांत भरू लागते. पकड बरोबर असूनही दुखत राहिलं तर बाळाची जीभ खालून बांधलेली आहे का, ते डॉक्टरांना तपासायला सांगा.

पान्हा सुटायला वेळ लागत असेल तर मालीश करा. तिला टेबलावर उशी ठेवून त्यावर हात आणि डोकं टेकवून बसवा, टाक्यांवर ताण येत नसेल तरच. तुम्ही मागे उभे राहून दोन्ही अंगठे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, कण्यावर नव्हे, आणि मानेपासून खांद्याच्या पात्यांपर्यंत लहान गोल फिरवत खाली या. दोन-तीन मिनिटं पुरे. बोटांना खोबरेल तेल लावा. फाउंड्रीतल्या हातांचा जोर इथं नको.

डब्याचं काय करायचं? एका रात्रीत फेकू नका. आधी वजन आणि डॉक्टरांचं मत. वजन चढत असेल तर तेच तो थांबवायला सांगतील. एखाद्या बाळाला वरचं दूध औषधासारखं खरंच लागतं, तेव्हा ते बिनघोर द्यावं. बाटली मात्र आजच बंद करा. वरचं काही द्यायचंच झालं तर दोन्ही बाजू पाजून झाल्यावर, बोंडल्यानं (चोचीसारखी नळी असलेल्या छोट्या भांड्यानं) किंवा वाटी-चमच्यानं. बोंडलं हे आपल्या आज्यांनी वापरलेलं उत्तम साधन आहे; फक्त नळीत दूध साचतं, म्हणून ब्रशनं घासून दहा मिनिटं पाण्यात उकळायला हवं. घासायचं आणि उकळायचं काम तुमच्याकडे घ्या. आणि डबा दिला की लगेच तिनं दोन्ही बाजूंचं दूध हातानं काढायचं, एकेका बाजूला दहा मिनिटं. अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडाच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर. आधी बरगड्यांकडे दाबायचं, मग चिमटीत, मग सोडायचं. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत. पहिल्या दिवशी चमचाभरच निघेल, आणि वाटीत चमचाभर दूध बघून घरात पुन्हा 'बघा, नाहीच' सुरू होईल. बाळ हातापेक्षा कितीतरी जास्त काढतं, हे आधीच सांगून ठेवा. काढलेलं दूध झाकून थंड खोलीत चार तास टिकतं, एप्रिल-मे असेल तर लगेच फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवा आणि २४ तासांत संपवा. गरम करायचं ते गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून, गॅसवर नाही. डबा कुणी फुकट हातावर ठेवत असेल तर घेऊ नका. १९९२ च्या कायद्यानं त्याचा असा प्रचार आणि जाहिरात दोन्ही बंद आहेत, म्हणूनच तान्ह्या बाळाच्या दूध पावडरची जाहिरात तुम्हाला टीव्हीवर दिसत नाही.

आईंशी बोलणं तुम्हालाच करावं लागेल, बायकोनं नाही. सुनेनं सांगितलं की ते उलट बोलणं होतं, मुलानं सांगितलं की निरोप होतो. वाद नको, वेळ मागा: 'आई, डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलंय. चौदाव्या दिवसापर्यंत रात्रीचं मी बघतो. डबा द्यायचा का नाही ते त्यांना विचारूनच ठरवूया. आणि तिच्यासमोर दूध नाही असं म्हणू नको, घाबरली की पान्हा अडतो.' पान्ह्याची गोष्ट त्यांना आमच्यापेक्षा चांगली कळेल. जोडीला त्यांच्या हाताला मोठं काम द्या. अळिवाची खीर, गरम भाकरी, बाळाचं तेल लावणं. तक्रार बहुतेकदा 'मला कुणी विचारत नाही' याची असते. गुटी आणि मध मात्र नम्रपणे, पण ठाम नको म्हणा. वर्षाच्या आत मधातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि उगाळलेल्या जायफळ-वेखंडासोबत सहाणेवरची घाणही पोटात जाते. पाणीही नको, उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण घरोघरी यावरच जास्त बोललं जातं. पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त, म्हणजे एक नेटकं जेवण आणि वर एखादा डिंकाचा लाडू. अळीव, शेपू, मेथी खुशाल खाऊ द्या, पण दूध वाढतं ते बाळ ओढतं म्हणून. तिखटानं बाळाचं पोट बिघडत नाही. रोज बिनमिठाचा वरणभात समोर ठेवलेली बाळंतीण अर्धपोटी उठते, तेच जास्त वाईट. पांढरा रस्सा जरूर, तांबडा तिला झेपेल तेवढा. पाजायला बसली की उजव्या हाताशी पाण्याचा तांब्या भरलेला असावा. पान्हा सुटला की घसा कोरडा पडतो, आणि त्या वेळी तिला उठता येत नाही.

तुमच्या शिफ्टचं असं बसवा. सुपरवायझरला विचारून महिनाभर पहिली पाळी मिळते का बघा. नाहीच मिळाली आणि दुसऱ्या पाळीहून रात्री साडेअकराला आलात, तर भट्टीवरचे कपडे बाहेरच काढा, आंघोळ करा आणि मगच बाळाला घ्या. विडी-सिगारेट असेल तर बाळाच्या घरात नकोच. तिथून पहाटे दोनपर्यंत बाळ तुमचं. बाळानं जीभ बाहेर काढली, मूठ तोंडात घातली, मान इकडेतिकडे वळवली, म्हणजे भूक लागली. रडणं हे उशिराचं लक्षण. रडायला लागल्यावर लावायला गेलात तर ते पकड घेत नाही, आधी शांत करावं लागतं. तेव्हा खुणा दिसताच उठा, लंगोट बदला, बाळ तिच्याकडे द्या, उशा लावा. पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा. पाच मिनिटांत नाही आली तर सोडून द्या. मग शर्ट काढून, बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं ठेवून उघड्या छातीवर उभं घ्या, वरून शाल घाला. नाक मोकळं, मान एका बाजूला. खुर्चीत बसून तासभर असं धरलंत तर त्याला ऊब मिळते, तो शांत होतो आणि तिला सलग दोन तास झोप मिळते. तुमचा डोळा लागतोय असं वाटलं की त्याला पाळण्यात पाठीवर ठेवा. बापालाही पाजायचा आनंद मिळावा म्हणून रात्रीची एक बाटली, असा सल्ला हल्ली मोबाइलवर फिरतो. पहिल्या महिन्यात तो ऐकू नका.

थांबायचं नाही अशा गोष्टी: बाळ चार तास उठवूनही पीत नाही, शू सहापेक्षा कमी, लंगोटावर विटकरी डाग, पिवळेपणा तळपायांपर्यंत, अंग गरम किंवा गार पडलेलं, तिला ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, स्तनावर लाल गरम गाठ, टाक्यांतून पाणी. यातलं काहीही दिसलं तर जिथं सिझर झालं तिथं किंवा सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, रात्र असली तरी. १०२ किंवा १०८ वर गाडी मिळते. गाठ आली म्हणून त्या बाजूनं पाजणं थांबवू नका, थांबवलं की ती वाढते. आणि पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणं चालतं, पण त्यानंतरही ती गप्प राहत असेल, बाळाकडे बघत नसेल, झोप येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा फोन चोवीस तास आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं ती बोलली, तर तिला एकटं सोडू नका आणि लगेच दवाखाना गाठा.

राहिलं बारसं. ऐंशी माणसांना आता नाही म्हणता येणार नाही, पण नेहमी होतं ते असं: बाळ हातोहात फिरतं, सगळे 'आमच्याकडे द्या' म्हणतात, चार-पाच तास पाजणं होत नाही, संध्याकाळी तिची छाती दगडासारखी होते आणि बाळ दमून पकड घेत नाही. रात्री परत डबा. म्हणून एक खोली आतून कडी लावता येईल अशी मोकळी ठेवा, उशा आणि पाट आधीच नेऊन ठेवा, आणि दर दोन तासांनी मोबाइलचा गजर झाला की बाळ ज्याच्या मांडीवर असेल तिथून स्वतः उचलून तिच्याकडे न्या. बाप मागतोय म्हटल्यावर कुणी अडवत नाही. तिनं मागितलं तर 'राहू दे गं, झोपलाय' म्हणतात. पाळण्यात घालायच्या आधी एकदा पोटभर पाजून घ्या. आत्याला कुर्र करायला पंधरा मिनिटं उशीर झाला तर चालतो, भटजींना आधी सांगून ठेवा.